लाल आकडे

"मामाजी, घड्याळात किती वाजले जी?" राखीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं आणि खाटेवर बसलेला सोमाजी सावध झाला.

सुनेच्या हातात मोबाईल होता. वेळ त्यातही दिसते. मग म्हाताऱ्याला विचारायचं काहून?

हे रेडिओवालं घड्याळ तिनंच तुमसरहून आणलं होतं. खाटेजवळच्या स्टुलावर मांडलं, एरियलची तार खिडकीला चिकटवली, बटणं दाबून वेळ लावली. पहाटे पाचला रेडिओ आपोआप सुरू होईल, असंही करून ठेवलं. "आकडे पाहा जी कसे मोठे आहेत," ती म्हणाली होती. सोमाजीला दिसला तो नुसता लाल डाग. तो "हो" म्हणाला होता.

नजर वर्षभरापासून अधू होत चालली होती. त्यानं कोणाला कळू दिलं नव्हतं. तलावाच्या पाळीवरून अजूनही तो सायकलनं शेतावर जायचा, निव्वळ सवयीच्या जोरावर. मुलगा भुपेंद्र राईस मिलमध्ये कामाला. त्याचं एकच पालुपद, "बाबा, बांध्या ठेक्यानं देऊन टाकू. तुमच्यानं आता होत नाही." डोळ्यांचं समजलं असतं तर धानाची ती शेतं आणि सायकल, दोन्ही एका दिवसात हातची गेली असती. त्यासाठी पुरावा हवा, आणि तो गोळा करायला पोरानं बायकोला लावलं आहे, हे सोमाजीनं मनाशी पक्कं धरलं होतं.

मग त्यानंही डोकं चालवलं. भजनं संपली की सहा. शेतीचा कार्यक्रम लागला की साडेसहा. राखीनं विचारलं की तो कान टवकारायचा, मान घड्याळाकडे वळवायचा आणि बरोबर वेळ सांगायचा. ती काही न बोलता आत जायची. तिच्या त्या गप्प राहण्यानंच त्याचा संशय वाढायचा. परवा तर ती अंगणात फोनवर हळू आवाजात बोलत होती, अन् सोमाजीची चाहूल लागताच तिनं फोन बंद केला.

आज पहाटे रेडिओ आपोआप लागला नव्हता, त्यानंच चाचपून बटण दाबलं होतं. आता बातम्या नुकत्याच लागल्या होत्या.

"सात," सोमाजी ठसक्यात म्हणाला. "सातवर दोन मिनिटं."

आज राखी आत गेली नाही. खाटेजवळ येऊन खाली बसली.

"घड्याळात बारा लुकलुकून राहिले, मामाजी. काल लाईट गेली, तेव्हापासून."

सोमाजीनं झटकन मान घड्याळाकडून फिरवली.

"जा, सांगून दे तुह्या नवऱ्याले!" तो एकदम उसळला. "याच्यासाठीच आणलं ना हे?"

"हो, याच्यासाठीच आणलं. पण यायले, तुमच्या पोराले, मी काही सांगतलं नाही." तिचा आवाज बारीक झाला. "भंडाऱ्याले डोळ्याच्या डॉक्टरकडे उद्याचा नंबर लावला हाय. तुम्ही हो म्हणाल तरच जाऊ."

"तुले कायची पडली एवढी?"

राखीनं हात लांबवून रेडिओ बंद केला.

"माह्या बाबांनं असंच लपवलं होतं. दोन्ही डोळे गेले त्यायचे," ती म्हणाली. "मी त्याच घरात राहत होती, मामाजी. मले दिसलं नाही."