आवडीचं पान

माझ्या बायकोच्या, मल्सुनच्या वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढे मी तिच्या आवडीचं पान मांडलं: बिनमिठाचा तोफू आणि उकडलेला पालक. डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितल्यापासून ती माझ्याबरोबर हेच खायची.

मी रोज बुखानसानचा डोंगर चढायचो. म्हणायचो, "खाण्यात काही नसतं गं, घाम गाळला की चरबी झडते."

"अहो, पोट ताटावर आवरतं, डोंगरावर नाही," ती म्हणायची. रोज चढूनही माझ्या वजनाचा काटा हलत नसे. "माझ्याच हातून तेल जास्त पडत असेल," असं म्हणून ती दोघांचंही तेल आणखी कमी करायची.

मुलगी हेजोंग पान बघून थबकली. "बाबा, आईला तोफू गिळवत नसे. तुम्हाला एकट्याला पथ्य जड जाईल म्हणून खायची. तिचा जीव पातीच्या कांद्याच्या धिरड्यावर. चांगलं कुठे मिळेल आत्ता?"

मी डोंगराच्या पायथ्याशी गेलो.

"या आजोबा!" दुकानवाली हसली. "नेहमीसारखी दोन धिरडी ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणालो, "बांधून दे. घरी न्यायचीत."