एक शेजारी

दार उघडलं आणि पद्मिनीला आधी दिसलं ते पत्र. रब्बाय झेलमन यांच्या हातात, घडी घातलेलं, फिकट निळ्या कागदाचं. तिच्याच पॅडमधला कागद.

"मिसेस आपटे, दोनच मिनिटं," ते म्हणाले. आत आले नाहीत. जूनच्या उकाड्यातही काळा कोट, काळी हॅट, नजर खाली पायपुसण्याकडे. परक्या बाईकडे ते कधीच सरळ पाहत नसत. आज तिनंही मान वर केली नाही.

कडेवर मिनू किरकिरत होती. सकाळचे दहा वाजलेले. झोपेची वेळ, पण डोळे चोळून चोळून लाल केले तरी झोपेचं नाव नाही.

शेजारचे हे म्हातारे ज्यू धर्मगुरू तालमुद या त्यांच्या शास्त्रग्रंथाचे मोठे पंडित आहेत, लांबलांबून लोक त्यांना धर्मशास्त्रातल्या शंका विचारायला येतात, असं तिला खाली लाँड्रीत कोणीतरी सांगितलं होतं. तिला मात्र ते भिंतीतून माहीत होते. रोज दहाला त्यांचा एक म्हातारा मित्र यायचा आणि दोघांचं सुरू व्हायचं. आरडाओरडा, टेबलावर मुठी. एक दिवस तिकडे डोकी फुटतील, असं ती म्हणाली की राजीव हसायचा. "झालं का तुझं सीआयडी खातं सुरू? अगं, दोघांच्या वयाची बेरीज दीडशे आहे!" शेवटी नवऱ्याला न सांगताच तिनं ते पत्र बिल्डिंगच्या मॅनेजरच्या पेटीत टाकलं होतं.

रब्बायनी घडी उलगडली. "हे मॅनेजरनं मला दिलं. चौदा जानेवारी, एकोणीसशे पंच्याऐंशी. 'शेजारी दोन माणसं रोज भांडतात. तान्ह्या बाळाची झोप मोडते. कृपया बंदोबस्त करावा.' खाली नाव नाही. नुसतं, 'एक शेजारी'."

पद्मिनीची कानशिलं तापली. या मजल्यावर तान्हं बाळ एकच होतं.

"कोणी लिहिलं ते विचारायला मी आलो नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "मला परवानगी हवी आहे, पण कोणाकडे मागू? तो शेजारी तुम्हाला कुठे भेटलाच तर सांगाल? सोमवारपासून दहा वाजता माझ्याकडे एक डेंटिस्ट येणार आहे, शिकायला. आवाज होणार नाही."

"शिकायला?"

"आम्ही भांडत नव्हतो, मिसेस आपटे. शिकत होतो. हिर्श आणि मी, एकतीस वर्षं. मी एक अर्थ लावायचा, त्यानं तो मोडायचा. अशीच रीत आहे आमची."

"मग... जरा हळू बोलून..."

"हिर्शला ऐकू कमी यायचं."

तिनं मिनूला उगाचच या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"आमचा शेवटचा वाद या पत्रावरच झाला," रब्बाय म्हणाले. "हिर्श म्हणाला, शिकण्याच्या आवाजाला शेजाऱ्यानं हरकत घ्यायची नाही, असं शास्त्रात आहे. मी म्हटलं, ते पोरांच्या शाळेबद्दल. दोन कवळीवाल्या म्हाताऱ्यांबद्दल नव्हे! शिवाय झोप बाळाची. आई एक वेळ माफ करील, पण बाळानं कशी करायची? त्याला अजून बोलताही येत नाही. यावर हिर्श गप्प बसला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी पत्राची पुन्हा घडी घातली. "मी जिंकलो. म्हणून बंद केलं."

"आता कुठे असतात ते?"

"मार्चमध्ये गेला."

मिनूनं तिचं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. ते काढून घ्यायचंही पद्मिनीला सुचलं नाही.

"डेंटिस्टचा त्रास होणार नाही. फार सज्जन माणूस. मी काहीही म्हटलं की म्हणतो, 'बरोबर आहे, रब्बाय.' बरोबर आहे! ते मला ठाऊक नाही का?" त्यांनी हॅट सारखी केली. "असो. त्या शेजाऱ्याला सांगा, माझ्या मनात काही नाही. त्याचं बरोबरच होतं."

ते वळले. दार लावून घेतलं असतं तर संपलं असतं. कोणाला कळलं नसतं, राजीवलासुद्धा नाही.

"नव्हतं," पद्मिनी म्हणाली.

ते थांबले.

"बरोबर नव्हतं. बाळाची झोप मोडतच नव्हती." "तुम्ही ओरडायला लागलात की ही झोपायची. जागी मी असायचे. टेबलावर मूठ पडली की दचकायचे ती मी. भीती माझी, आणि पत्रात घातलं बाळाला. तुमचा आवाज बंद झाल्यापासून ही एक दिवस दहाला झोपलेली नाही. पत्र माझं आहे, रब्बाय."

ते सावकाश वळले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. मग त्यांची मूठ दाराच्या चौकटीवर आदळली. भिंतीतून यायचा तोच आवाज.

"बाळ झोपत होतं?" ते ओरडले. सगळा कॉरिडॉर घुमला. "मग माझा मुद्दा पडतो! मुळापासून पडतो! हिर्शचंच खरं होतं! मार्चपर्यंत तो इथेच होता, दोन गल्ल्या पलीकडे, दिवसभर खिडकीत बसून. त्याला का नाही सांगितलंत हे?" मूठ पुन्हा आदळली. "पाच महिने, मिसेस आपटे! पाच महिने मी जिंकून बसलोय!"

पद्मिनीची मान आणखी खाली गेली. गालाला मिनूचे केस लागले. मिनूचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड अर्धवट उघडं, मंगळसूत्र ओठांतून निसटलेलं.

रब्बायनीही ते पाहिलं, आणि पाच महिन्यांच्या सवयीनं आवाज एकदम खाली आणला.

मिनूनं डोळे उघडले.