मुखपृष्ठावरची बाई

"हे वाक्य कुणाचं?" राइलीने विचारलं.

"चिलेशेबाईंचं. लिहिलंय ना खाली," वेलदोड्याच्या पावाचा लचका तोडत वेइक्को म्हणाला.

राइली संपादक. जगभरच्या गरीब देशांवरचं मासिक हेलसिंकीत बसून काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. फार घोटीव वाक्य दिसलं की तिला बनावटीचा वास यायचा. वेइक्को परवाच झांबियाहून परतला होता. तांब्याच्या खाणीचं पाणी शेतात शिरलं, त्यावरच्या त्याच्या लेखात एक बाई म्हणते : 'हल्ली मी मका पेरत नाही, पुरते.' मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता.

"तुझ्या लेखातली माणसं तुझ्यासारखीच कशी रे बोलतात?"

"म्हणजे मी बनवून लिहितो?"

"नंबर दे तिचा."

"संध्याकाळी अंक छापखान्यात जायचाय, राइली."

"म्हणूनच आत्ता दे."

नंबर शोधायला त्याला फारच वेळ लागला. राइली त्याच्या बोटांकडे बघत होती.

फोन लागला. राइलीने तो दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि वाक्य वाचून दाखवलं.

"हो, मीच म्हणाले ते," चिलेशेबाई ठसक्यात म्हणाल्या. "का? आम्हाला बोलता येत नाही?"

राइली ओशाळली. वेइक्को गालात हसला.

"माफ करा. छापण्याआधी विचारायची पद्धत आहे आमची."

"छापा की खुशाल. नाव तेवढं बदललंत ना? आणि फोटो नाही ना टाकला? मुलगा त्याच खाणीत कामाला आहे माझा. तुमच्या त्या लेखकाला दोनदा बजावलं होतं मी."

राइलीने वेइक्कोकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं होतं.

"हॅलो? बाई, आहात ना?" पलीकडून आवाज आला.

"आहे. फोटो येणार नाही. नावही नाही. माझा शब्द."

फोन बंद झाला.

"आधी सगळेच नाही म्हणतात," वेइक्को पुटपुटला.

राइलीने छापखान्याला कळवून मुखपृष्ठ थांबवलं. मग कपाटातून जुने अंक काढले. वेइक्कोच्या फोटोंचे तेवढे वेगळे केले आणि त्याच्यासमोर ओळीने मांडले. मच्छीमार पोरगी, दगड फोडणारा म्हातारा, छावणीतली आई.

"ह्यांतलं कोण कोण नाही म्हणालं होतं?"

वेइक्कोने एका अंकावर बोट ठेवलं. मग ते बोट पुढच्या अंकाकडे सरकलं.