गोठ्यातलं सगळं कळतं

थोरल्याने मोठ्या हौसेने गावाकडच्या गायीच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला होता. तिचं खाणं, रवंथ जरा कमी झालं की शहरात त्याच्या मोबाईलवर लगेच सूचना यायची. "इथे बसून मला गोठ्यातलं सगळं कळतं," असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. सूचना आली की हातातलं काम टाकून आईला फोन करायचा. एरवी फोनला सवड कुठली!

आज मीटिंग अर्धवट सोडून तो बाहेर धावला. "आई, अगं गाय कालपासून खात का नाहीये? डॉक्टरांना बोलावलंस का?"

"गाय मजेत आहे रे," आईचा आवाज खोल गेला होता.

"तापाने माझ्याच घशाखाली घास उतरेना, म्हणून पट्टा मी घातलाय."