भुवीचा पहिला सोमवार

भुवी रडायला लागली तसा तिच्या आईचा, शिवलीलाचा हात सवयीनं दुधाच्या बाटलीकडं गेला. मी तो धरला. "आज नाही द्यायचं." जन्मापासून या पोरीला कुणी भूक लागूच दिली नव्हती. तिच्या अंगात इन्सुलिन भलतंच तयार व्हायचं, साखर घसरायची, मेंदूला धोका; म्हणून झोपेतही नळीनं दूध. अशा मुलांसाठी गावोगावच्या डॉक्टरांची मोट बांधणं हे माझं, सोलापूरच्या एका नर्सचं, काम. दिल्लीत स्कॅन झालं, पुण्यानं औषधं ठरवली, मुंबईनं स्वादुपिंडातला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला. सगळा घोळ त्या एवढ्याशा दाण्याचाच होता का, हे आज तिला उपाशी ठेवून कळणार होतं. फोनवर तिन्ही शहरांतले डॉक्टर आकड्याची वाट बघत होते. "मीबी सकाळपासनं काय खाल्लं न्हाय," शिवलीला पुटपुटली, "सोमवार हाय की." मी भुवीच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर आकडा उमटला: ब्याऐंशी. उपाशीपोटीही साखर जागेवर. विश्वास बसेना, म्हणून दुसरा थेंब घेतला. ब्याऐंशीच. मी तो फोनवर वाचून दाखवला. मग मुंबईचे डॉक्टर हळूच म्हणाले, "पाजा आता तिला." शिवलीलानं बाटली उचलली, पण तोंडाला लावली नाही. रडून लाल झालेल्या लेकीकडं ती नुसती बघत राहिली. "थांबा की मॅडम, जरा रडू द्या," ती म्हणाली. "हिचं भुकेचं रडणं मी पैल्यांदाच ऐकतीय." तिन्ही शहरांत कुणीही फोन ठेवला नाही.