उघडा राहिलेला टॅग

घानातल्या कुमासी शहरात एका खोलीत ओफोसु आणि त्याची बायको सेरवा लोकांच्या अंत्यविधीची वेबपानं बनवायचे. पानाच्या कोडमध्ये उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे कंसातली खूण, पुढे बंद करावा लागतो. सेरवा कोड लिहायच्या एडिटरमध्ये जो मोड लावायची, तो ते आपणहून करायचा. ओफोसुच्या साध्या मोडला चूक कळायचीच नाही.

"मुका आहे तुझा मोड," ती म्हणायची. "तू दारं उघडी टाकून जातोस, मागून लावत फिरते मी."

"त्यासाठीच तर लग्न केलं," तो म्हणायचा.

आज पहिल्यांदाच त्याने तिचा मोड लावला. शोकाच्या लाल-काळ्या रंगांतल्या पानावर फोटो, तारीख, नातलगांची नावं, सगळं बिनचूक बसलं.



मग त्याने फोटोखालच्या सेरवाच्या नावापुढचा बंद करणारा टॅग हाताने पुसला, आणि मागून ती ओरडेल म्हणून कान देऊन बसला.