बुधवारचा नकार

नाही म्हणायचं हे ठरलेलंच होतं. कधी म्हणायचं, तेवढंच टर्नरला कळत नव्हतं.

समोरची मुलगी हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. अंगात शाळेचा निळा एप्रन. तिच्या खुर्चीचा एक पाय मुद्दाम आखूड ठेवलेला होता, बसणारा किती डुगडुगतो ते बघायला. ही डुगडुगली नव्हती.

"लेथच्या चकची चावी काढायची राहिली आणि मशीन चालू केलं, तर?" अर्जावरून नजर न उचलता टर्नरनं विचारलं.

"चावी उडते, साहेब. कुणाचा तरी डोळा नाहीतर दात जातो. म्हणून चावी जागेवर ठेवल्याशिवाय हातातून सोडायची नाही. हाताखालच्या पोरांना मी..." ती थांबली. "म्हणजे वर्गातल्या पोरांना पण मी हेच सांगते."

उत्तर चोख होतं. उत्तर चोख आलं की नकार द्यायला जड जायचं.

तो कुठलाच साहेब नव्हता. अंगातला कोट मेव्हण्याचा होता. त्याचं सगळं आयुष्य कारखान्यात लेथवर टर्नरकी करण्यात गेलं होतं, नावही तेच पडलं होतं. पण त्याची बायको या व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि बावीस वर्षांपूर्वी तिनंच त्याला या टेबलामागे बसवलं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाची पहिली मुलाखत इथे व्हायची. ती खोटी आहे हे मुलांना आधी सांगायचं नाही. आणि उत्तरं कितीही चांगली असली तरी निकाल एकच, नाही.

"पहिला नकार माझ्या शाळेत पचू दे," ती म्हणायची. "मग बाहेरचे पचतात. आणि तुम्ही चेहऱ्याकडे बघू नका. विरघळाल."

म्हणून इतक्या वर्षांतला एकही चेहरा त्याला आठवत नव्हता. नकार ऐकून बाहेर पडणाऱ्या मुलाला ती दाराशीच गाठायची, चहा पाजायची, खरं काय ते सांगायची. 'खडूस साहेब' कोण, तेवढं मात्र ती कधी सांगत नसे. निदान त्याला तसं म्हणायची.

आता दाराशी ती नव्हती. आठ महिने झाले होते.

ती गेली तेव्हा त्यानं कोट खुंटीला लावला तो लावलाच. महिनाभर तो घराबाहेर पडला नाही. मग एका बुधवारी शाळेचा शिपाई दारात उभा राहिला. "साहेब, पोरं बसलीत." तेव्हापासून तो दर बुधवारी येत होता. चहा पाजून समजूत घालायचं काम आता शिपायाकडे होतं. त्याला ते कितपत जमत असेल, देव जाणे. आजचा दिवस शेवटचा, असं टर्नरनं सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं. समजूत घालणारी गेली आणि नुसता नकार देणारा मागे राहिला, याला काय अर्थ?

"ही नोकरी नाही मिळाली, तर काय करशील?" यादीतला शेवटचा प्रश्न.

"भाऊ शाळा सोडायला लावणार आहे, साहेब." तिचा आवाज खाली गेला. "म्हणतो, पुरे झाली तुझी मशीनं. नोकरी देत असतील तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुकानात बस."

टर्नरचं पेन थांबलं.

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हटलं तर पोरगी उद्यापासून शाळेत दिसणार नव्हती. हो म्हणावं, तर द्यायला नोकरी कुठे होती? खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण बावीस वर्षांत त्यानं बायकोचा शब्द मोडला नव्हता. ती नसताना मोडणं तर त्याहून वाईट.

"नाही," तो म्हणाला. "तुला घेता येत नाही."

मुलगी उठली नाही. "का, साहेब?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. टर्नरनं घाईघाईनं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"वाक्य अर्धं सोडतेस. अर्धं सोडलेलं काम मला चालत नाही."

"सुधारलं तर?"

"तर बघू."

"मग पुढच्या बुधवारी येते. भावाला सांगते, साहेबांनी परत बोलावलंय, आठवडाभर थांब." ती पुढे झुकली. "पण तुम्ही असाल ना, साहेब? तुम्ही नसलात तर माझं संपलंच."

टर्नरच्या कपाळावर घाम आला. त्यानं रुमाल शोधला, तो सापडेना. मग त्यानं मान वर केली. मुलीचे डोळे डबडबले होते. वयानं ती जरा मोठीच वाटली. काळजीनं पोरं लवकर मोठी दिसतात.

"असेन," तो म्हणाला. "ये तू. आणि त्या दीडशहाण्या भावाला म्हणावं, साहेबांनी दम दिलाय."

मुलगी बाहेर आली आणि तिनं दार अलगद ओढून घेतलं. बाकावर एक जण ताटकळत बसला होता.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. खणखणीत. आपल्या वेळी म्हणाले होते तसंच."

"ते असू दे गं. पुढच्या बुधवारचं काय?"

"येतो म्हणाले."

त्यानं मोठा सुस्कारा सोडला. मुलीनं एप्रन उतरवून त्याच्याकडे दिला. आत कारखान्याचा गणवेश होता, खिशावर सुपरवायझरची पट्टी. एप्रनची बटणं त्याच्या पोटावर लागेनात.

"मिशी काढली ती उगाचच," वरच्या ओठावरून हात फिरवत तो पुटपुटला. "बायको सकाळपासून हसतेय."

"काढलीस ते बरं केलंस. टर्नरकाकांनी आज मान वर केली."

शिपाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून कोपऱ्यावर पहारा देत होता. तो लगबगीनं जवळ आला.

"आटपा रे. बाई गेल्या त्याच आठवड्यात शाळेनं हा मुलाखतीचा तास बंद केलाय, कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल. आणि पुढच्या बुधवारी रजा कोण टाकतंय, तेवढं आत्ताच सांगा."